हरकत लेखी हवी

आमच्या घरच्या कॉम्प्युटरमधून मी एकूण एकतीस गोष्टी काढून टाकल्या. त्यातल्या तीस काढल्याबद्दल ऑफिसनं मला शाबासकी दिली आणि एकतिसावी काढल्याबद्दल आईनं माझ्याशी बोलणं टाकलं. तीस झाल्यावर थांबायला हवं होतं हे आता कळतंय. पण तेव्हा माझ्या अंगात स्वच्छतेचं वारं शिरलं होतं.

सुरुवात एका परिपत्रकानं झाली. मी अभिलेख विभागात हेडक्लार्क आहे आणि आम्हाला आठवड्यातून दोन दिवस घरून काम करायची सवलत आहे. या दोन दिवसांवर माझा फार जीव. त्या दिवशी मी जेवण झाल्यावर वीस मिनिटं आडवा होतो आणि ती वीस मिनिटं माझ्या संपूर्ण नोकरीतली सर्वांत समाधानाची असतात. तर परिपत्रकात म्हटलं होतं की, ज्यांना ही सवलत चालू ठेवायची असेल त्यांनी घरच्या संगणकातली अनावश्यक सॉफ्टवेअर आणि ब्राउझरला वरून जोडलेले प्लगइन सुरक्षेच्या कारणास्तव काढावेत, काय काढलं आणि का काढलं याची यादी विहित नमुन्यात भरावी, आणि अमुक सोमवारी सकाळी अकरा वाजता तपासणीसाठी हजर राहावं. म्हणजे आपल्याच घरात, आपल्याच खुर्चीत हजर राहायचं. तपासणी संगणक विभागातल्या बाई दुरूनच करणार होत्या.

मी यादी उघडली आणि थक्क झालो. आमच्या कॉम्प्युटरमध्ये इतकं काही राहत होतं याची मला कल्पनाच नव्हती. हवामान सांगणारे तीन प्रोग्राम होते आणि तिघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. चार वर्षांपूर्वी भंगारात गेलेल्या प्रिंटरचे पाच मदतनीस अजून कामावर होते. एक प्रोग्राम तर बाकीचे प्रोग्राम जुने झालेत एवढंच सांगायला ठेवलेला होता, आणि तो स्वतः सगळ्यांत जुना होता. ब्राउझरच्या डोक्यावर टूलबारचे इतके थर चढले होते की मूळ पान खाली चार बोटांच्या फटीत दिसायचं. जगाच्या बातम्या आम्ही कित्येक वर्षं त्या फटीतून वाचत होतो, आणि बातम्या अशाच असतात असं समजत होतो.

दुसरा कोणी असता तर त्यानं पटापट बटणं दाबली असती. पण मी अभिलेख विभागातला माणूस. आमच्याकडे एखादा फाटका कागदसुद्धा नोटीस काढल्याशिवाय नष्ट करत नाहीत. त्यावर आधी हरकती मागवायच्या, त्यांची सुनावणी घ्यायची आणि मगच निर्णय द्यायचा. सव्वीस वर्षं जे केलं ते घरी आल्यावर कसं सुटणार? मी रीतसर नोटीस तयार केली आणि स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवली.

‘घरातील सर्वांस कळविण्यात येते की, सोबतच्या यादीतील एकतीस सॉफ्टवेअर व प्लगइन काढून टाकण्याचे योजिले आहे. कोणाची हरकत असल्यास ती सॉफ्टवेअरचे नाव व कारण नमूद करून सात दिवसांत लेखी सादर करावी. मुदतीनंतर आलेल्या अथवा तोंडी हरकतींचा विचार केला जाणार नाही.’

खाली सही केली. शिक्का नव्हता, त्याची रुखरुख लागली.

घरात आम्ही तिघं. मी, बायको आणि आई. बायको एका आर्किटेक्टकडे नकाशे काढते, त्यामुळे तिला प्रत्येक गोष्टीकडे वरून बघायची सवय आहे. तिनं नोटीस वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘‘ही दारावर किती दिवस राहणार?’’

‘‘सात.’’

‘‘बरं. फोडणीचे डाग पडले तर चालतील ना? का त्यालाही परवानगी लागेल?’’

अशा बोलण्याकडे दुर्लक्ष करायला मी नोकरीत शिकलो आहे.

पहिली लेखी हरकत आली ती घरातून नव्हे, वरच्या मजल्यावरून. तिथं एक निवृत्त सर्व्हेअर राहतात. जन्मभर लोकांच्या हद्दी मोजल्यामुळे कुठल्याही हद्दीत शिरायला त्यांना संकोच वाटत नाही. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये चार अँटिव्हायरस आहेत, म्हणून आख्खी इमारत त्यांना अँटिव्हायरसकाका म्हणते. ते चौघं एकमेकांनाच व्हायरस समजून दिवसभर झोंबत असतात. काका सकाळी कॉम्प्युटर चालू करून आंघोळीला जातात, दाढी करतात, पेपर वाचतात, तेव्हा कुठं पडद्यावर काहीतरी दिसायला लागतं. काका शिडी मागायला आले होते. दारावरची नोटीस त्यांनी चष्मा काढून एकदा आणि लावून एकदा वाचली आणि दुसऱ्या दिवशी फुलस्केप कागदावर तीन मुद्द्यांची हरकत घेऊन हजर झाले.

‘‘पण काका, हा आमचा कॉम्प्युटर आहे,’’ मी म्हणालो.

‘‘नोटिशीत तसं कुठं म्हटलंय? ‘कोणाची हरकत असल्यास’ असं लिहिलंयत तुम्ही. मी कोणी नाही का?’’

मुद्दा बिनतोड होता. मी पोच दिली.

काकांचं म्हणणं असं, की हातानं काढलं तर मुळं राहतात. मुळापासून काढायला सफाईचा खास प्रोग्राम लागतो आणि तो त्यांच्याकडे पेनड्राइव्हवर तयारच आहे. माणूस फुकट द्यायला निघाला की त्याला नाही म्हणायची आपल्याला लाज वाटते. मी तो घातला. त्यानं तीन मिनिटं घरघर केली आणि लाल अक्षरांत जाहीर केलं की तुमच्या कॉम्प्युटरला आठशे सत्तेचाळीस धोके आहेत. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मग त्यानं विचारलं, सगळे धोके घालवू का? मी हो म्हटलं. त्यानं धोके घालवले की नाही देव जाणे, पण येताना दोन नवे टूलबार, एक कुपन देणारा पोपट आणि एक हवामान सांगणारा प्रोग्राम मात्र घेऊन आला. या चौथ्या हवामानवाल्याचं आधीच्या तिघांशीही पटेना.

आता आधी त्या सफाईवाल्यालाच काढणं भाग होतं. काढायला गेलो तर त्यानं रडका चेहरा दाखवून विचारलं, ‘‘खरंच मला काढताय? माझं काय चुकलं?’’ खाली कारणं दिली होती, त्यातलं एक निवडायचं होतं. मी मऊ मनाचा माणूस. ऑफिसात शिपायालाही मला कधी कारणे दाखवा नोटीस देता आली नाही. मी ‘इतर’ हे कारण निवडलं आणि पुढच्या चौकटीत ‘आपली सेवा समाधानकारक होती’ असं लिहिलं. तरी तो दोनदा परत आला. तिसऱ्यांदा बायकोनं माझ्या हातातून माउस घेतला आणि त्याला एका दमात पोपटासकट बाहेर घालवलं. कारणाच्या चौकटीत तिनं काय लिहिलं ते तिनं मला वाचू दिलं नाही.

सातव्या दिवशी, शनिवारी सकाळी, मी सुनावणीला बसलो. बायकोची हरकत नव्हती. काकांची फेटाळली. तेवढ्यात आई आली.

आई शहात्तर वर्षांची आहे. दर रविवारी दुपारी चार वाजता ती केस विंचरून, चांगलं पातळ नेसून कॉम्प्युटरपुढे बसते आणि सहापर्यंत पत्ते खेळते. एकटीच खेळते असा आमचा समज होता. पडद्यावर टेबल दिसायचं, एका बाजूला आई आणि दुसऱ्या बाजूला एका बदकाचं चित्र. बदक म्हणजे कॉम्प्युटर, असं मी धरून चाललो होतो. मशीनशी खेळायला ही चांगलं पातळ कशाला नेसते, हा प्रश्न मला नऊ वर्षांत एकदाही पडला नाही.

‘‘माझं काही काढू नकोस रे,’’ आई म्हणाली.

‘‘तुझं कुठलं? नाव सांग.’’

‘‘नाव मला काय ठाऊक? माझं ते पत्त्यांचं.’’

‘‘यादीत पत्त्यांचं काही नाही, आई. नाव आणि कारण घालून लिहून दे. तोंडी हरकत धरता येत नाही.’’

मी हे हसत म्हणालो. म्हणजे निदान मला तसं आठवतंय. आईनं मात्र माझ्याकडे असं पाहिलं की माझी खुर्ची मला मोठी वाटायला लागली.

‘‘तुला जन्म दिला तेव्हा मी कुणाला लेखी दिलं नव्हतं,’’ ती म्हणाली आणि आत निघून गेली.

हे ऐकून शहाणा माणूस थांबला असता. मी काय केलं, तर इतिवृत्तात ‘एक तोंडी हरकत प्राप्त, विचारात घेतली नाही’ अशी नोंद केली. मग एकेक करून सगळं काढत सुटलो. शेवटचा एक प्लगइन होता, ‘टेबल हेल्पर’ नावाचा. कुठल्या कंपनीचा तर माहीत नाही. धोका किती तर अतिशय. शेवटचा वापर गेल्या रविवारी, दुपारी चार वाजता. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर लिहिलेलं होतं आणि मी विहित नमुन्यात माझ्या सुवाच्य अक्षरांत लिहिलं, ‘वापर आठवड्यातून एकदाच, सबब अनावश्यक.’ आणि बटण दाबलं.

रविवारी चार वाजता आई नेहमीसारखी येऊन बसली. पडद्यावर टेबल आलंच नाही. टेबलाच्या जागी एक करडी चौकट आणि तिच्यात जिगसॉच्या एका तुकड्याचं चित्र. आईनं दोनदा बंद करून पुन्हा उघडलं. मला हाक मारली नाही. सहा वाजेपर्यंत ती त्या करड्या चौकटीपुढे बसून राहिली, मग उठून आत गेली. तेव्हापासून तिचं माझ्याशी बोलणं बंद. ताट समोर यायचं, पण ते बायकोच्या हातून.

सोमवारी अकराच्या ठोक्याला संगणक विभागातल्या बाईंचा फोन आला. त्यांनी माझ्या कॉम्प्युटरचा कानाकोपरा पाहिला आणि म्हणाल्या, ‘‘इतका स्वच्छ कॉम्प्युटर मी अख्ख्या कचेरीत पाहिला नाही. तुमचा नमुना आम्ही सगळ्यांना आदर्श म्हणून पाठवणार आहोत.’’

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा माझं काहीतरी आदर्श ठरलं आणि ते घरात सांगायला माणूस उरलं नव्हतं. बायकोला सांगायला गेलो तर तीच मला घेऊन बसली.

‘‘ते बदक कोण होतं, ठाऊक आहे?’’

‘‘कोण म्हणजे? कॉम्प्युटर.’’

‘‘मावशी.’’



आई आणि मावशी. मावशी आईहून सहा वर्षांनी लहान, आई तिला अजून छोटी म्हणते. नऊ वर्षांपूर्वी आमच्याच बाहेरच्या खोलीत दोघी रमी खेळत होत्या. आईच्या पाठीमागं काचेचं कपाट आहे. मावशी त्या काचेत माझे पत्ते बघते, असं आई म्हणाली. मावशी म्हणाली, मी नाही बघितले. बघितलेस, नाही, बघितलेस, नाही. मावशी ताडकन उठली आणि गेली. जाताना छत्रीसुद्धा विसरली. ती छत्री अजून आमच्या दारामागं टांगलेली आहे आणि कितीही पाऊस असला तरी तिला हात लावायची आमची कुणाची छाती नाही. त्या दिवसापासून दोघी एकमेकींशी अवाक्षर बोललेल्या नाहीत.

‘‘भांडणाच्या आधीच मावशींच्या मुलानं दोघींना हे टेबल लावून दिलं होतं,’’ बायको सांगत होती. ‘‘भेटता आलं नाही तर घरबसल्या खेळायला. चौदा नंबरचं टेबल. भांडणानंतर महिनाभरानं एका रविवारी आईंना करमेना, म्हणून त्या सहज तिथं जाऊन बसल्या, तर बदक आधीच येऊन बसलेलं! आई काही बोलल्या नाहीत, त्याही नाहीत. पत्ते वाटले गेले. तेव्हापासून दर रविवारी. बोलायचं नाही, नुसतं खेळायचं.’’

‘‘तुला हे कधीपासून ठाऊक आहे?’’

‘‘कालपासून. आई देवघरात रडत होत्या. छोटीला वाटेल मीच उठून गेले, असं म्हणत होत्या.’’

मला माझीच लाज वाटली, ती सरळ सांगून टाकतो. दोन म्हाताऱ्या बहिणींमधला एकच धागा शिल्लक होता आणि मी तो ‘सबब अनावश्यक’ असं लिहून तोडला होता, तोही सुवाच्य अक्षरांत.

मी तसाच संगणक विभागातल्या बाईंना फोन लावला. ‘‘बाई, एक प्लगइन परत बसवायचाय.’’

‘‘कुठला?’’

मी नाव सांगितलं. ‘‘अहो, त्याच्यासाठीच तर हे सगळं परिपत्रक काढलंय! तो बनवणाऱ्यांनी दुकान केव्हाच बंद केलं. तो आता मिळतच नाही आणि मिळाला तरी बसवू नका. कुणीही त्यातून आत शिरू शकतं.’’

‘‘पण बाई, मावशीचा प्रश्न आहे.’’

‘‘मावशी कुठल्या विभागात आहेत?’’

मी फोन ठेवला. अँटिव्हायरसकाकांकडेही जाऊन आलो. त्यांनी पेनड्राइव्हचा डबा उपडा केला. त्यात टेबल हेल्पर सोडून सगळं होतं. मला सोडायला जिन्यापर्यंत येऊन ते म्हणाले, ‘‘माझी हरकत मान्य केली असतीत तर ही वेळ आली नसती.’’ त्यांच्या हरकतीचा याच्याशी काही संबंध नव्हता, पण मी मान खाली घातली.

तो आठवडा कसा गेला ते माझं मला माहीत. रविवार उजाडला. चार वाजत आले तसं आईनं केस विंचरले, चांगलं पातळ नेसलं आणि कुठंच बसायचं नसल्यासारखी खोलीत उभी राहिली. माझ्यानं बघवेना. मी स्वयंपाकघरात गेलो आणि मावशीला फोन लावला. नऊ वर्षांत मीही तिच्याशी बोललो नव्हतो. आईची बाजू घ्यायची म्हणून आम्ही सगळ्यांनीच बोलणं सोडलं होतं.

‘‘मावशी, मी बोलतोय.’’

पलीकडून एकदम आवाज आला, ‘‘ताई गेली का रे?’’

‘‘अगं नाही, नाही! बरी आहे. इथंच आहे.’’

‘‘मेल्या,’’ मावशी म्हणाली, ‘‘आठ दिवस झाले, माझ्या घशाखाली घास उतरला नाही. गेल्या रविवारी दोन तास बसले होते मी. नऊ वर्षांत ताईनं एक रविवार चुकवला नाही, तापातसुद्धा. वाटलं, संपलंच सगळं. विचारायला फोन करायचा धीर होईना. मग आज तुझा फोन आला कशाला, ते तरी सांग!’’

मी सगळं कबूल केलं. परिपत्रक, नोटीस, तोंडी हरकत, काही लपवलं नाही. ऐकून मावशी एवढंच म्हणाली, ‘‘लहानपणापासून तू असाच आहेस.’’

वळून पाहिलं तर आई दारात उभी. आठ दिवसांनी ती माझ्याशी पहिलं वाक्य बोलली, ‘‘तिला सांग, मी बरी आहे.’’

‘‘आई, तूच बोल ना.’’

‘‘मी तिच्याशी बोलत नाही. तू सांग.’’

मी सांगितलं. मावशी म्हणाली, ‘‘तिला विचार, गुडघा कसा आहे.’’ मी विचारलं. आई म्हणाली, ‘‘म्हणावं, तिच्या पाठीपेक्षा बरा आहे.’’ फोन स्पीकरवर होता, दोघींना एकमेकींचं सगळं ऐकू येत होतं, तरी प्रत्येक वाक्य माझ्या तोंडून गेल्याशिवाय पोचलं असं धरत नव्हत्या. पंधरा मिनिटांत माझा घसा बसला.

मग आई म्हणाली, ‘‘पत्ते आण.’’

आमच्याकडचा खराखुरा जोड कपाटातून काढला. मी तेरा-तेरा पत्ते वाटले. आईनं आपले उचलले. मावशीचे घेऊन मी फोनसकट स्वयंपाकघरात जायचं, तिला हळूच वाचून दाखवायचे, तिनं आपल्या घरच्या जोडातून तेच काढून पुढ्यात मांडायचे. मग मी बाहेर यायचं. मावशीनं पान उचलायला सांगितलं की ते उचलून पुन्हा स्वयंपाकघरात. टाकायला सांगितलं की पुन्हा बाहेर. पहिल्या डावात मी सेहेचाळीस खेपा घातल्या. बायको भाजी चिरता चिरता त्या मोजत होती.

दुसऱ्या डावाच्या मध्येच मावशीनं विचारलं, ‘‘ते काचेचं कपाट अजून तिथंच आहे का रे?’’

‘‘आहे.’’

‘‘मग तिला सांग, मी बघितले होते पत्ते. दोनदा.’’

मी सांगायला तोंड उघडलं, पण या वेळी आई थांबली नाही. तिनं माझ्या हातातला फोन ओढून घेतला आणि त्यात ओरडली, ‘‘तीनदा! छोटे, तीनदा बघितलेस! मी मोजलंय!’’

‘‘दोनदाच गं ताई! तिसऱ्यांदा मी माझे केस बघत होते!’’

त्यानंतर दोघी एकमेकींशी थेट दीड तास भांडल्या. नऊ वर्षांचं साचलेलं एका बैठकीत संपणं शक्य नव्हतं, तेव्हा पुढचं भांडण पुढच्या रविवारवर ठेवलं. फोन ठेवून आईनं डोळे पुसले आणि मला म्हणाली, ‘‘चहा टाक.’’ मी धावत टाकला.

आता सगळं सुरळीत झालं म्हणून मी एक साधा तोडगा काढला. बाजारात आता पत्त्यांचे नवे सुरक्षित खेळ आहेत. दोघींच्या कॉम्प्युटरवर बसवून देतो, ऑफिसच्या बाईंनाही विचारून ठेवलंय, असं मी आईला सांगितलं.

‘‘नको,’’ आई म्हणाली. ‘‘छोटीलाही नकोय. नऊ वर्षं खेळलो त्या मशीनवर, एकदा तंटा नाही. कॉम्प्युटरला बेइमान म्हणता येत नाही रे. तुला म्हणता येतं.’’

म्हणूनच तर गेल्या रविवारी मावशी म्हणाली, मी तिला मुद्दाम चुकीचं पान वाचून दाखवलं. आई म्हणाली, मी स्वयंपाकघरातून येताना तोंड पाडून आलो, त्यावरून छोटीकडे वाईट पानं आहेत असं तिला वाटलं आणि ती डाव हरली. रविवारची माझी दुपारची झोप तर केव्हाच गेली. मावशीची छत्री मात्र अजून दारामागंच आहे. तिसऱ्या वेळचं कबूल कर आणि येऊन घेऊन जा, असा आईचा निरोप आहे, आणि तोही माझ्यामार्फतच गेला.

काल मी धीर करून आईला म्हणालो, ‘‘आई, दर रविवारी दोन तास मला हे जमणार नाही. माझी हरकत आहे.’’

आईनं पत्ते पिसत माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

‘‘लेखी दे,’’ ती म्हणाली. ‘‘सात दिवसांत.’’